रेड सॉक्स घरात रुळवताना: बोस्टनकडे नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा लोगन विमानतळाच्या दारातून डोक्यावर गडद निळी टोपी घालून बाहेर पडले. टोपीवर पांढऱ्या धाग्यात एकमेकांत अडकलेली 'एन' आणि 'वाय' ही अक्षरं. निघायच्या आदल्या आठवड्यात पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर घासाघीस करून घेतलेली, उन्हासाठी. ही न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची टोपी आहे आणि बोस्टनमध्ये ती घालून हिंडणं म्हणजे सासरी जाऊन माहेरचे गोडवे गाण्यासारखं आहे, हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, बाबांशी हात मिळवला, टोपीकडे पाहिलं, काही न बोलता घरात गेले आणि पाच मिनिटांनी एक जुनी, घामाने विटलेली टोपी घेऊन परत आले. तिच्यावर लाल 'बी', बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचा. "ही घाला," एवढंच म्हणाले.

त्या टोपीनंतर आमच्या घरात जे काही घडत गेलं, त्यातून शिकलेल्या गोष्टी इथे लिहिते आहे. फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, वेस्टबरो, श्रूजबरी या पट्ट्यात नोकरीच्या निमित्ताने बरीच मराठी घरं आहेत. एप्रिल उजाडला की ऑफिसात, न्हाव्याकडे, मुलांच्या शाळेच्या बसथांब्यावर बेसबॉलचा विषय निघतो आणि आपण नुसती मान डोलावतो. मी चार वर्षं डोलावली. तुम्ही तेवढी डोलावू नका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्ल्ड कपचा सामना आपण जसा बघतो, कामं उरकून, सोफ्यावर जागा धरून, शेजाऱ्यांना बोलावून, तसा बेसबॉल बघायला जाल तर पंधरा दिवसांत कंटाळाल. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. कुठलंही संसारी घर १६२ सामने बघू शकत नाही आणि इथलेही लोक बघत नाहीत. ते सामना लावून ठेवतात. आपल्याकडे कसोटी चालू असताना रेडिओ घरभर बोलत असायचा, कोणी भाजी निवडतंय, कोणी दाढी करतंय, मध्येच कोणीतरी "कितीला किती?" विचारतंय, तसं.

पहिली पायरी: रेडिओ

टीव्हीच्या आधी रेडिओ लावा. बोस्टन परिसरात ९३.७ एफएमवर सामने लागतात, फुकट. रेडिओवरचा माणूस सगळं बोलून सांगतो: चेंडू कुठे पडला, कोण धावला, वारा कुठून आहे, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टोपी कितव्यांदा सारखी केली. जो कॅस्टिग्लिओन हे इथले समालोचक १९८३ पासून २०२४ पर्यंत रेड सॉक्सचे सामने सांगत होते. एवढी वर्षं एकच आवाज घरात येत राहिला की तो घरातल्याच माणसाचा होतो. ज्यांच्या घरात बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं गेलं आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

स्वयंपाकघरात रेडिओ ठेवण्याचा आणखी एक फायदा. अर्धा डाव संपला की दोनेक मिनिटांची विश्रांती असते. तेवढ्यात दोन पोळ्या होतात, तिसरी तव्यावर असते. नऊ डाव म्हणजे अशा सतरा विश्रांती. सामन्याच्या मध्यावर माझी कणीक संपलेली असते.

टीव्हीचं प्रकरण किचकट आहे, म्हणून सावकाश वाचा. पहिल्या वर्षी मी हौसेने लीगची (हे सगळे संघ जिच्यात खेळतात ती मेजर लीग) अख्ख्या मोसमाची स्ट्रीमिंग वर्गणी भरली, पॉपकॉर्न केलं, मुलांना बसवलं, आणि पडद्यावर पाटी आली की हा सामना तुमच्या भागात दाखवता येणार नाही. याला ब्लॅकआउट म्हणतात. त्या वर्गणीत जगभरातले सामने दिसतात, फक्त तुमच्या गावच्या संघाचे थेट दिसत नाहीत, कारण ते हक्क स्थानिक वाहिनीने घेतलेले असतात. चूक माझीच, बारीक अक्षरं वाचली नव्हती. न्यू इंग्लंडमध्ये राहून रेड सॉक्स बघायचे तर नेसन ही वाहिनी लागते, केबलवर किंवा तिच्या स्वतःच्या ॲपवर. काही सामने तिथेही नसतात. शुक्रवारचे काही थेट ॲपल टीव्हीवर जातात. भाव आणि नावं दर वर्षी बदलतात, म्हणून मार्चमध्ये एकदा बसून तपासा आणि महिन्याच्या बोलीवर घ्या. ऑगस्टमध्ये तुम्ही भारतात जाणार असाल तर तो महिना वाचतो. लीगची फक्त आवाजाची वर्गणी मात्र स्वस्त असते आणि तिला ब्लॅकआउट नाही, हे गाडीतून लांब जाणाऱ्यांना उपयोगी.

क्रिकेटचं डोकं जरा बाजूला ठेवा

पूर्ण नियम शिकायच्या फंदात पहिल्या मोसमात पडू नका. इनफिल्ड फ्लाय नावाचा एक नियम आहे, तो कोणी समजावू लागलं तर विषय बदला. आपण अडखळतो त्या जागा ठरलेल्या आहेत.

मैदान पाचरीसारखं आहे, नव्वद अंशांचं. त्या दोन रेघांच्या बाहेर गेलेला फटका फाउल. म्हणजे आपला लेट कट, लेग ग्लान्स, सगळं वाया. आमच्या आईला हे अजून मान्य नाही. "इतका छान मागे काढला त्याने," असं म्हणते. पहिले दोन फाउल स्ट्राइकमध्ये, म्हणजे बॅटरच्या चुकीत, धरतात; तीन स्ट्राइक झाले की बाद. त्यानंतरचा फाउल धरत नाहीत, पण कुठलाही फाउल झेलला तर बाद. चेंडू रेघांच्या आत पडला की बॅटरला धावावंच लागतं, बचावात्मक खेळून क्रीजमध्ये उभं राहण्याची सोय नाही. आणि धावताना बॅट टाकून द्यायची. माझ्या मुलाच्या पहिल्या सामन्यात आई कडेला उभी राहून ओरडत होती, "अरे बॅट घेऊन पळ, बॅट घेऊन!" तो बिचारा खरंच परत आला बॅट न्यायला.

सामना बरोबरीत सुटत नाही. नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहावा, अकरावा. २०२० पासून साखळी सामन्यांत दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर (बेस म्हणजे धावताना टप्प्याटप्प्याने गाठायची जागा) एक धावपटू आधीच उभा असतो, म्हणजे निकाल लवकर लागावा. एकदा बदललेला खेळाडू पुन्हा आत येत नाही. पिचरला चेंडू टाकायला बेस रिकामे असताना १५ सेकंद आणि कोणी बेसवर असताना १८ सेकंद मिळतात. हे घड्याळ २०२३ मध्ये आलं, तेव्हा १८ च्या जागी २० होते. त्याआधी सामना सरासरी तीन तासांच्या वर जायचा, आता पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. जुन्या लोकांनी कुरकुर केली. ज्या घरात मुलांना साडेनऊला झोपवायचं असतं तिथे पेढे वाटायला हवे होते.

आकड्यांपैकी एकच डोक्यात ठेवा. दहा वेळा बॅटिंगला आलेल्यातून तीनदा नीट हिट मारणारा, म्हणजे फटका मारून बेस गाठणारा, बॅटर उत्तम समजला जातो. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे हे दोन भाग) पूर्ण मोसमात.४०० कोणालाही जमलं नाही. म्हणजे सर्वांत मोठा बॅटरही दहातून सहादा हात हलवत परत जातो. संघांचंही तेच. २०१८ चा रेड सॉक्स संघ, त्यांच्या इतिहासातला सर्वाधिक सामने जिंकणारा, १०८ जिंकला आणि ५४ हरला. चोपन्न! आपण भारत एक सामना हरला की दोन दिवस टीव्ही लावत नाही. इथे हरल्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सामना असतो, त्यामुळे रागावून बसायला वेळच मिळत नाही. शेजारच्या आजोबांना पराभवानंतर "काय झालं हो काल?" विचारलं की ते खांदे उडवून आज पिचर कोण आहे ते सांगतात.

वही घाला

या लेखातली ही पायरी कोणी सोडू नये. सामना ऐकताना हातात वही-पेन्सिल घ्या.

बाबांना सातारच्या घरी रेडिओवर सामना ऐकत धावफलक लिहायची सवय होती. इथे आल्यावर पहिला आठवडा ते गप्प बसून ऐकत होते. मग मुलाची दोनशे पानी वही मागून घेतली, पट्टीने रेघा मारल्या, डावीकडे नऊ नावं, वर नऊ डाव, मधे चौकोन. इथल्या पद्धतीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा असतो: पिचर १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, पण त्याचा आकडा सहा. हे एकदा पाठ झालं की पुढचं सोपं.

समजा पहिल्याने जमिनीवरून चेंडू मारला, शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला, तो बाद. चौकोनात ६-३. दुसऱ्याला चार चेंडू बाहेर पडल्यामुळे चालत पहिला बेस मिळाला: 'बीबी', आणि चौकोनाच्या कोपऱ्यात पहिल्या बेसपर्यंतची एक तिरकी रेघ. तिसऱ्याने पुन्हा शॉर्टस्टॉपकडे मारला. त्याने दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला. ६-४-३. एका फटक्यात दोघे बाद, एकूण तीन बाद झाले म्हणून अर्धा डाव संपला, खाली आडवी रेघ. एवढ्या गडबडीला वहीत तीन ओळीही जागा लागत नाही.

तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यासमोर इंग्रजी 'के' लिहितात. बॅट न हलवताच तिसरा स्ट्राइक गेला असेल तर 'के' उलटा काढतात. बाबांना हा उलटा 'के' फार आवडला. "आळशीपणाचा शिक्का आहे हा," म्हणाले. ही पद्धत रूढ करण्यात हेन्री चॅडविक या एकोणिसाव्या शतकातल्या वार्ताहराचा मोठा हात होता, आणि तो मूळचा इंग्लंडचा, न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देणारा. 'के' हे 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला आणि "मग हे आपलंच की," असं म्हणून बेसबॉलला घरात घेतलं. त्या दिवसापासून ते सामना 'बघत' नाहीत, 'लिहितात'.

वहीचा खरा उपयोग पंधरा दिवसांनी कळतो. नावं पाठ होतात. कोण खालच्या चेंडूवर फसतो, कोण मंगळवारी तीनदा उलटा 'के' झाला, हे आपल्याच अक्षरात समोर असतं. ऑफिसात कोणी काही बोललं तर तुमच्याकडेही सांगायला काहीतरी असतं.

घराचं घड्याळ

घरच्या मैदानावरचे आठवड्यातले सामने संध्याकाळी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान सुरू होतात. रविवारी दुपारी दीडच्या सुमारास. रविवारची वेळ तर आपल्यासाठीच काढल्यासारखी आहे: जेवण, मग रेडिओ, आणि तिसऱ्या डावात लागलेली झोप सहाव्यात उघडते. काही चुकलेलं नसतं.

खरा त्रास पश्चिमेच्या दौऱ्यांचा. सिएटल किंवा लॉस एंजेलिसमधला सामना आपल्याकडे रात्री दहाच्या आसपास सुरू होतो आणि एकच्या जवळ संपतो. आमच्या घरी नियम आहे की शाळेच्या दिवसांत हे सामने कोणी बघायचे नाहीत. सकाळी चहाबरोबर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, वाचायचा, तोही आधी मुलाने, कारण बाबा शेवटचा आकडा मोठ्याने बोलून टाकतात. चहा आणि बॉक्स स्कोअर यांचं जमतं. दहा मिनिटांत सामना कळतो.

भारताशी बोलायची वेळही सामन्याला धरून बसवता येते. मोसमात जवळजवळ पूर्ण वेळ इथली घड्याळं पुढे केलेली असतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचाच राहतो. पावणेसातला पहिला चेंडू पडतो तेव्हा साताऱ्यात पहाटेचे सव्वाचार. सामना संपेतो तिकडे सात वाजत आलेले, दूध तापवून झालेलं. म्हणून आमचा फोन सामन्यानंतर. आठव्या डावात केलेल्या फोनवर कोणीच नीट बोलत नाही आणि समोरच्याला वाटतं आपल्यावर रागावलेत.

नणंद यांकीजची असेल तर

माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला. तिच्या घरात सगळे यांकीजचे. दोन्ही संघ एकाच गटात, अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात, टोरोंटो, बाल्टिमोर आणि टँपा बे यांच्यासोबत, त्यामुळे दर मोसमात ते एकमेकांशी तेरा वेळा भिडतात. तेरा वेळा घरात कोणीतरी फुगून बसणार हे धरून चाला.

हे वैर समजायला जुनी गोष्ट माहीत हवी, कारण इथला प्रत्येक म्हातारा ती सांगतो आणि मधे थांबवलेलं त्याला चालत नाही. रेड सॉक्सनी १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. १९१९ च्या मोसमानंतर त्यांनी बेब रूथ हा खेळाडू यांकीजना विकला. पुढे यांकीज जिंकत गेले आणि बोस्टनला ८६ वर्षं काहीच मिळालं नाही. लोक म्हणू लागले, शाप लागला. २००४ मध्ये उपांत्य फेरीत यांकीजच तीन-शून्य पुढे होते. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात बोस्टन एका धावेने मागे, आणि डेव्ह रॉबर्ट्स नावाच्या राखीव धावपटूने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका नसतानाच पळत जाऊन गाठला. सगळ्यांना ठाऊक होतं तो चोरणार, तरी चोरला. तिथून सामना फिरला, मालिका फिरली. तीन-शून्य मागे पडून सात सामन्यांची मालिका जिंकणारा बेसबॉलमधला तो पहिला संघ. मग सेंट लुईसला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली ती २७ ऑक्टोबरला, कोजागरीच्या पौर्णिमेला, आणि त्या रात्री चंद्रग्रहण होतं. ८६ वर्षांचं ग्रहण ग्रहणाच्याच रात्री सुटलं, असं मी शेजारच्या आजोबांना मोडक्या इंग्रजीत समजावलं. त्यांना ते इतकं आवडलं की आता ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

नणंदेकडे जाताना मात्र 'बी'ची टोपी गाडीत ठेवा. आणि दिवाळीच्या फराळाचा डबा पाठवताना त्यावर संघाचं चिन्ह चिकटवू नका. विचारू नका का.

फेनवेला जाताना

वर्षातून एकदा तरी मैदानावर जा. रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क १९१२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या मैदानांत सर्वांत जुनं. सुमारे ३७ हजार माणसं मावतात.

तिकीट फोनवरच येतं. भाव मागणीप्रमाणे वरखाली होतो: एप्रिल-मेमधला मंगळवार स्वस्त, जुलै-ऑगस्टमधला शनिवार महाग, यांकीज आले की विचारूच नका. तिकीट घेताना दोन गोष्टी बघा. जुन्या छपराखालच्या जागांसमोर लोखंडी खांब आहेत. तिकिटावर दृश्य अडतं असं लिहिलेलं असेल तर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, तीन तास मान काढून बसाल. दुसरं, उजव्या कोपऱ्यातल्या काही खुर्च्यांची तोंडं पिचरकडे नाहीतच, मैदानाच्या मध्याकडे आहेत. निळ्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, १९३० च्या दशकातल्या माणसाच्या मापाच्या. आमच्यासारख्यांनी जेवून जाऊ नये.

गाडी नेऊ नका. पार्किंगला चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात, शिवाय परतीला तासभर अडकणं. वुस्टर-फ्रेमिंगहॅम मार्गाची लोकल लॅन्सडाउनला थांबते, तिथून मैदान चार पावलांवर. रात्रीच्या गाड्या कमी असतात, म्हणून शेवटची गाडी किती वाजता हे जाण्याआधी बघून ठेवा. ग्रीन लाइन या मेट्रोने येणार असाल तर केनमोरला उतरा. 'फेनवे' नावाचंही स्टेशन आहे, त्या नावाला भुलून उतरलेले लोक पुढे जास्त चालतात. एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, सामना सकाळी अकराच्या सुमारास असतो आणि त्याच दिवशी बोस्टन मॅरेथॉन हॉपकिंटनहून निघून ॲशलंड, फ्रेमिंगहॅमवरून जाते. बघायला मजा, प्रवासाला नाही.

एप्रिल-मेच्या रात्री गारठा असतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी ऊन होतं म्हणून पातळ जाकीट घातलं आणि पाचव्या डावात दात वाजू लागले. बाबांनी पिशवीतून माकडटोपी काढली, ती घातली आणि तिच्यावर 'बी'ची टोपी. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. पिशवीच्या मापाचे आणि खाणं आत नेण्याचे नियम मात्र बदलत असतात, ते संघाच्या पानावर आदल्या दिवशी बघा.

खाण्याचं म्हणाल तर हॉटडॉग इथे प्रसिद्ध आहे, पण त्यात गोमांस किंवा डुकराचं मांस असतं. चालत नसेल तर विचारूनच घ्या. आपल्यासाठी शेंगा आहेत. भाजलेल्या, टरफलासकट, कागदी पिशवीत. टरफलं खाली टाकायची पद्धत आहे, आणि याबद्दल कोणी काही बोलत नाही. आईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बसल्या जागी कचरा करायची मुभा दिली. तिने तरी टरफलं ओढणीत गोळा केली.

डावीकडची उंच हिरवी भिंत ग्रीन मॉन्स्टर: ३७ फूट २ इंच उंच, बॅटरपासून ३१० फुटांवर. इतर मैदानांत झेल गेला असता असे उंच फटके इथे भिंतीवर आदळून खाली पडतात. तिच्यातला धावफलक आत बसलेली माणसं हाताने पत्रे लावून बदलतात. तिथल्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांवर मोर्स लिपीतले ठिपके-रेघा आहेत, ती जुन्या मालकाची आणि त्याच्या बायकोची आद्याक्षरं. उजवीकडे, लांब वर, हिरव्या बाकांत एकच लाल खुर्ची दिसेल: विभाग ४२, रांग ३७, जागा २१. टेड विल्यम्सने ९ जून १९४६ ला मारलेला चेंडू तिथे पडला, ५०२ फुटांवर. तिथे बसलेल्या माणसाच्या गवती टोपीला भोक पडलं होतं. मुलांना आधी ही खुर्ची शोधायला लावा, दोन डाव शांततेत जातात.

सातव्या डावाच्या मध्यात सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि गातात. आठव्यात पुन्हा गाणं, या वेळी आणखी मोठ्याने. शब्द येत नसले तरी चालतं. पाऊस आला आणि सामना पुढे ढकलला तर तिकीट टाकू नका, ते नव्या तारखेला चालतं.

मुलं आणि ग्लव्ह

मुलाला खेळायला घालायचं असेल तर गावच्या लिटल लीगची नोंदणी हिवाळ्यातच, बर्फ असतानाच सुरू होते. मार्चमध्ये जाग आली तर जागा भरलेल्या असतात. लहानांसाठी टी-बॉल: चेंडू खांबावर ठेवलेला, मारायचा आणि पळायचं. तुम्हालाही कशाला तरी उभं करतील; स्कोअर लिहायचं काम मागून घ्या, वही आहेच.

नवा कातडी ग्लव्ह पापडासारखा कडक असतो. त्यात चेंडू ठेवून, दोरीने बांधून, आठवडाभर गादीखाली ठेवा. आईने मात्र तो रात्री खोबरेल तेलाने चोळला, डोकं चोळावं तसा, दोन्ही हातांनी. सकाळी ग्लव्ह मऊ झाला होता, पण इतका जड की मुलाला उचलवेना, आणि त्याला पॅराशूटच्या बाटलीचा वास येत होता. खास तेल मिळतं, तेही थेंबभरच लागतं. तो ग्लव्ह त्याने टाकला नाही, ही गोष्ट वेगळी.

ऑक्टोबर आणि पुढे

ऑक्टोबरमध्ये दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा, असे बारा संघ बाद फेरीत जातात. आपला संघ त्यात असेल तर वरचे सगळे नियम गुंडाळून ठेवा. तेव्हा सामना खरंच बसून बघायचा असतो आणि झोपेचे वांधे होतात. नसेल तर कोणाच्या तरी विरुद्ध पाठिंबा द्यायची सोय आहे. बहुतेकदा यांकीजच्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दारात फूटभर बर्फ असताना, फेनवेहून एक ट्रक सामान भरून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सरावासाठी निघतो. बॅटी, चेंडू, सगळं. त्या ट्रकला निरोप द्यायला माणसं थंडीत उभी राहतात. पहिल्या वर्षी मला हा वेडेपणा वाटला होता.

आई-बाबांना बोलवायचं असेल तर हिशोब सोपा आहे. पाहुण्यांना साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो आणि मोसमही सहा महिन्यांचाच, थंडीच्या अलीकडे-पलीकडे बरोबर बसणारा. वेळापत्रक आदल्या उन्हाळ्यातच जाहीर होतं, त्यामुळे विमानाची तिकिटं काढण्याआधी ते हाताशी असतं. यंदा फोनवर तारखा ठरवत होतो. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "यांकीज बोस्टनला कधी येतायत?"

मागून आईचा आवाज आला, "आधी नातवाचा वाढदिवस कधी ते विचारा."

"तो मे महिन्यात असतो, मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "वही मोठी आण गं या वेळी. रेघा मीच मारीन."